खेळ कंपनीचा, मेळा कुणाचा?

(चिक्कडपल्ली, हैदराबाद येथील वार्षिक स्मृतिव्याख्यानाचा मजकूर)



या मालेत यापूर्वी संतसाहित्य झालं, हैदराबाद मुक्तिसंग्राम झाला, निजामकाळातलं शिक्षण झालं. त्या पंगतीत मोबाइलवरच्या गेमला पान मांडलेलं काहींना रुचणार नाही, याची मला कल्पना आहे. तरी विषय मीच मागून घेतला. ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी जमतो, त्यांचं आयुष्य माणसं जमवण्यात गेलं: वाचनालयासाठी, गणेशोत्सवासाठी, शाळेच्या इमारतनिधीसाठी. माणसं कशी जमतात, त्यांना कोण जमवतं आणि जमल्यावर त्या मेळ्यावर हक्क कुणाचा राहतो, हे प्रश्न त्यांच्या रोजच्या कामाचे होते. आज तेच प्रश्न गेमच्या कंपन्यांना पडतात आणि ते सोडवायला त्यांच्याकडे पगारी माणसं आहेत. मी त्यांच्यातली एक होते.

हायटेक सिटीच्या बाजूला एका गेम कंपनीत मी काही वर्षं ‘कम्युनिटी मॅनेजर’ होते. कंपनीचं नाव घेत नाही, कारण मी सांगणार ते तिच्या एकटीचं नाही. कामाचं स्वरूप असं: सकाळी आल्याबरोबर यूट्यूबच्या कॉमेंट, इन्स्टाग्राम, फेसबुक, डिस्कॉर्ड उघडायचं. रात्रीतून लोकांनी किती शिव्या दिल्या, कशावरून दिल्या आणि त्यांत कालच्यापेक्षा नवीन काय आहे, याचा गोषवारा वरच्यांना पाठवायचा. शिव्या तेलुगूत असत, हिंदीत असत, आपल्या दख्खनीत असत आणि अधूनमधून नांदेड-लातूरकडच्या अस्सल मराठीतही असत. लिपी मात्र सगळ्यांची रोमन. दुपारी पुढच्या अपडेटची झलक तयार करायची. त्यात अर्धंच दाखवायचं, म्हणजे उरलेल्या अर्ध्यावर तर्क लढवायला लोकांना जागा राहते. संध्याकाळी ठरल्या वेळी फुकट बक्षिसाचा रिडीम कोड सोडायचा. तो आधी पोचणाऱ्या थोड्यांनाच चालतो. त्यामुळे मुलं अर्धा तास आधीपासून पेजवर ताटकळत बसतात आणि बसल्या बसल्या एकमेकांशी बोलायला लागतात. सगळा खटाटोप या बोलण्यासाठी असतो.

कारण हिशेब सरळ आहे. गेम फुकट मिळतो. पैसा नंतर येतो, पोशाखांतून, बंदुकीच्या रंगांतून, जाहिरातींतून. तो यायचा तर माणूस टिकला पाहिजे. आमच्याकडे रोज एक तक्ता यायचा: आज गेम उतरवून घेतलेल्यांपैकी उद्या किती परत आले, सातव्या दिवशी किती, तिसाव्या दिवशी किती. या धंद्यात काम केलेल्या कुणालाही विचारा, तो सांगेल की एकटा खेळणारा कंटाळला की जातो. चौघांच्या स्क्वॉडमधला मुलगा कंटाळला तरी रात्री दहाला हजर होतो, कारण बाकीचे तिघं त्याला हाका मारत असतात. ती हाक कंपनीला फुकट पडते. मैत्रीइतकं स्वस्त कुंपण दुसरं नाही, आणि हे कंपनीला आपल्याआधी कळलं.

पण इथे एक गोष्ट मला आज ठासून सांगायची आहे. कंपन्या म्हणतात, आम्ही खेळाडूंचा समुदाय उभारतो. माझं निरीक्षण वेगळं आहे. माणसं आधीच जमलेली असतात, वाड्यात, वसतिगृहात, गल्लीत, घरच्या व्हॉट्सअॅप गटात. कंपनी त्यांना बसायला जागा देते, दिवे लावते आणि दाराची किल्ली आपल्याकडे ठेवते.

याचा पुरावा टाळेबंदीतला घ्या. नवी मुंबईच्या गेमेशन कंपनीचा लुडो किंग बाजारात आला २०१६ मध्ये. विकास जायस्वाल यांनी तो काढला आणि तो चांगलाच चालत होता. पण २०२०च्या मार्च-एप्रिलमध्ये तो घराघरांत शिरला तो कशामुळे? गेममध्ये ‘रूम’ उघडली की एक कोड मिळतो, तो व्हॉट्सअॅपवर टाकायचा, ज्याला मिळेल तो पटावर येऊन बसणार. बरकतपुऱ्यातली आत्या, नांदेडचा भाचा, पुण्याची सून आणि न्यू जर्सीतला मुलगा असे चौघं एका पटावर बसले. कंपनीनं या कुटुंबाला जमवलं नव्हतं. ते लग्नकार्यांनी, आजारपणांनी आणि दिवाळीच्या फराळानं आधीच जमलेलं होतं. कंपनीची हुशारी एवढीच, आणि ती लहान नाही, की तिनं त्यांच्या जुन्या बैठकीला एक कोड पुरवला.

याच्या आधीचा मोठा प्रयोग तुमच्यापैकी पुष्कळांनी स्वतः केलेला आहे, फक्त आता कबूल करणार नाही. जून २००९ मध्ये झिंगा कंपनीचा फार्मव्हिल फेसबुकवर आला. तुमच्या शेतात काही उगवलं की त्याची दवंडी सगळ्या मित्रांच्या भिंतीवर. शेत वाढवायचं तर शेजारी हवेत, म्हणजे मित्रांना आमंत्रणं धाडा. वर्षाच्या आत महिन्याला आठ कोटी लोक तिथे नांगर धरून होते. लोक इतके वैतागले की २०१० मध्ये फेसबुकनं गेमच्या दवंड्यांवर लगाम घातला आणि फार्मव्हिलची गर्दी ओसरू लागली. ३१ डिसेंबर २०२० रोजी तो फार्मव्हिल बंद झाला आणि त्याबरोबर लोकांची शेतंही गेली. सात-बारा कुणाच्याच नावावर नव्हता.

गंमत पाहा, माणसं खेळापेक्षा एकमेकांसाठी येतात हे गेम करणाऱ्यांना कित्येकदा स्वतःचा गेम बुडवूनच कळलं. स्ट्युअर्ट बटरफील्ड यांनी दोनदा ऑनलाइन गेम काढायचा घाट घातला. पहिला बारगळला आणि त्याच्या कामातून २००४ मध्ये फ्लिकर निघालं, छायाचित्रं एकमेकांना दाखवण्याची सोय. दुसरा, ग्लिच, २०१२ मध्ये बंद पडला. तो बनवताना आपसांत बोलायला केलेल्या साधनातून स्लॅक निघालं, जे आज हायटेक सिटीतल्या कितीतरी कचेऱ्यांत चालतं. जेसन सिट्रन यांच्या कंपनीचा फेट्स फॉरएव्हर हा गेम चालला नाही. त्याच कंपनीनं २०१५ मध्ये डिस्कॉर्ड काढलं, आणि आज खेळणाऱ्या मुलांच्या गप्पांचा कट्टा म्हणजे डिस्कॉर्ड.

आता आपल्या शहराची गोष्ट. हैदराबादचं नाव या धंद्यात नवं नाही. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सचा इथे स्टुडिओ आहे. इंडिया गेम डेव्हलपर कॉन्फरन्स इथे पुष्कळदा भरली. २०२५ मध्ये मात्र ती चेन्नईला गेली. पण मी सांगणार आहे ती गोष्ट पबजी या बंदुकांच्या लढाईच्या गेमची.

पबजी मोबाइल आपल्याकडे आला २०१८ च्या मार्चमध्ये. वर्षभरात, मार्च २०१९ मध्ये, त्याच्या एका मोठ्या भारतीय स्पर्धेचा अंतिम सामना हैदराबादेत झाला आणि मुंबईच्या नमन माथूरच्या, म्हणजे ‘मॉर्टल’च्या, सोल या संघानं तो जिंकला. त्याच महिन्यात राजकोटमध्ये पोलीस हाच गेम खेळणाऱ्या मुलांना पकडत होते. एकीकडे लाखोंची बक्षिसं, दुसरीकडे पोलीस ठाणं. मधल्या पोकळीत मुलांनी स्वतःचं जग उभं केलं. मॉर्टलसारखी मुलं यूट्यूबवर थेट खेळून दाखवत. प्रेक्षक डावाकडे कमी आणि गप्पांकडे जास्त लक्ष देत. चॅटमध्ये रूमचा आयडी आणि पासवर्ड पडला की शंभर जण आत धावत. हे कुठल्या कंपनीनं आखलेलं नव्हतं. कंपनीनं चाललेलं पाहिलं आणि मग त्याला पैसा, बॅनर आणि बक्षीस जोडलं.

२ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारनं ११८ अॅपवर बंदी घातली, त्यात पबजी मोबाइल होता. ३० ऑक्टोबरला भारतातले सर्व्हरही बंद झाले. कंपन्यांच्या पुस्तकाप्रमाणे गेम गेला की समुदाय संपायला हवा. तो संपला नाही. यूट्यूबवर तीच मुलं दुसरे गेम खेळत राहिली, काही नुसत्याच गप्पा मारत राहिली, काहींनी कोरियन आवृत्ती उतरवून चोरून खेळ चालू ठेवला. इथल्या अशोकनगरच्या गल्ल्यांत, ग्रुप-वनच्या आणि यूपीएससीच्या क्लासांत, वसतिगृहांच्या गच्च्यांवर स्क्वॉड तसेच होते. फक्त खेळायला मैदान नव्हतं.

या पोकळीत एक देशी गेम उतरला आणि त्याची कथा उद्बोधक आहे. बंदीनंतर दोनच दिवसांनी, ४ सप्टेंबरला, अक्षय कुमार यांनी ट्विटरवर फौजी या गेमची घोषणा केली. नाव देशभक्तीचं, चेहरा सिनेमाचा, वेळ अचूक. नावनोंदणी उघडली तेव्हा पहिल्या चोवीस तासांत दहा लाखांवर लोकांनी नावं घातली. २६ जानेवारी २०२१ रोजी, प्रजासत्ताकदिनी, गेम आला. आणि आत गेल्यावर मुलांना कळलं की इथे एकट्यानंच खेळायचं आहे. चार मित्रांना घेऊन लढण्याची सोय पुढे महिन्यांनी आली. तोवर मेळा पांगला होता. जाहिरातीनं गर्दी दारापर्यंत येते. आत कुणी ओळखीचं नसेल तर ती चपला घालून परत फिरते.

क्राफ्टन या कोरियन कंपनीनं हे नीट ओळखलं होतं. मे २०२१ मध्ये तिनं बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया जाहीर केला. पबजी हे जुनं नाव कटाक्षानं टाळलं, पण समाजमाध्यमांवर टाकलेल्या चित्रांत जुन्या नकाशांच्या खुणा मुद्दाम ठेवल्या. ‘ओळखा पाहू’ म्हणायचं आणि गप्प बसायचं. ओळखण्याचं, ओरडून सांगण्याचं, व्हिडिओ करण्याचं काम हजारो मुलांनी फुकटात केलं. १८ मे रोजी नोंदणी सुरू झाली. कंपनीनं सांगितलेला आकडा असा: पहिल्या दिवशी ७६ लाख, दोन आठवड्यांत दोन कोटी. २ जुलैला गेम सुरू झाला आणि जुन्या गेममधला जमाखर्च, पोशाख, हुद्दे नव्यात आणण्याची सोय दिली गेली. ती फेसबुक किंवा ट्विटरच्या खात्यानं ओळख पटवून. म्हणजे दहा महिने सांभाळून ठेवलेली मुलाची ओळखही दोन परदेशी कंपन्यांच्या कपाटांत होती आणि तिसरीनं ती तिथून उचलली.

पुढे पुन्हा तेच. २८ जुलै २०२२ रोजी हाही गेम अॅपच्या दुकानांतून काढला गेला आणि २९ मे २०२३ पासून पुन्हा खेळता आला, तोही सुरुवातीला तीन महिन्यांच्या परीक्षेवर. दोन बंद्या, प्रत्येकी सुमारे दहा महिन्यांच्या. दोन्ही वेळा मुलं परत आली. २८ ते ३० जून २०२४ या तीन दिवसांत आपल्या हायटेक्स प्रदर्शन केंद्रात त्याच्या राष्ट्रीय स्पर्धेचा अंतिम सामना झाला. बक्षिसांची रक्कम दोन कोटी, विजेता संघ एक्सस्पार्क. संघांच्या नावांनी घसा बसेपर्यंत ओरडणारी मुलं तिथे आली होती. घरच्यांना मुलगा ‘मोबाइलवर एकटाच बसतो’ असं वाटत असतं. तो एकटा नसतो, हे पटवायला आई-वडिलांना अशा ठिकाणी एकदा न्यायला हवं.

आता या मेळ्यात कष्ट कुणाचे, तेही पाहू. डिस्कॉर्डवर रात्री दोनला शिवीगाळ थांबवणारा ‘मॉड’ बहुतेक वेळा एकोणीस-वीस वर्षांचा विद्यार्थी असतो. त्याला पगार नाही. नावापुढे एक रंगीत चिन्ह असतं आणि कधीमधी गेममधले दागिने. नव्या मुलाला नियम समजावणारा, चुका शोधून व्हिडिओसकट कळवणारा, परभाषी सूचना तेलुगूत-मराठीत सांगणारा, हे सगळे बिनपगारी. माझ्या जागी मला महिन्याच्या महिन्याला पगार मिळायचा, आणि माझं निम्मं काम ही मुलं करायची. ती आनंदानं करायची, हे खरं. आपल्या संस्थांचे कार्यकर्तेही आनंदानंच करतात. पण कार्यकर्त्याला संस्थेत मत असतं.

बिनपगारी निष्ठेचा अनुभव या भागाला काही नवीन नाही. इथून चार पावलांवर आरटीसी क्रॉस रोड्स. संध्या, सुदर्शन, देवी या थिएटरांसमोर कटआउटला दुधाचा अभिषेक करणारे चाहत्यांचे संघ आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहेत. ४ डिसेंबर २०२४ च्या रात्री संध्यामध्ये पुष्पा-२ च्या खास खेळाला जमलेल्या गर्दीत चेंगरून एका स्त्रीचा जीव गेला आणि तिचा लहान मुलगा गंभीर जखमी झाला. मग जबाबदारी कुणाची यावर आरोप-प्रत्यारोप झाले, अटका झाल्या. गर्दी जमावी म्हणून झटणारे पुष्कळ असतात. जमलेल्या गर्दीचं काय करायचं हे ठरवणारा कुणी नसतो. मोबाइलच्या पडद्यावरची गर्दी चेंगरत नाही, पण तिलाही इजा होते: रात्री मुलींना येणारे घाणेरडे निरोप, बारा वर्षांच्या मुलानं आईच्या कार्डावरून उडवलेले पैसे. क्राफ्टननं अठरा वर्षांखालच्यांना दिवसाला तीन तास आणि सात हजार रुपये अशी मर्यादा घातली. सात हजार रुपये! ज्यांनी हा आकडा ठरवला त्यांनी आपल्याकडच्या किती घरांचा महिन्याचा किराणा पाहिला असेल?

मेळा कधी कधी उलटतोही. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्सच्या स्टार वॉर्स बॅटलफ्रंट-२ या गेममध्ये डार्थ व्हेडर हे लाडकं पात्र मिळवायला तासन्‌तास राबावं लागतं, यावरून लोक खवळले. कंपनीच्या वतीनं रेडिटवर दिलेल्या खुलाशाला सहा लाखांहून अधिक नापसंतीची मतं पडली. गिनीज बुकात त्याची नोंद झाली. कंपनीनं किमती उतरवल्या, आणि गेम बाजारात यायच्या आदल्या दिवशी आतली पैसे घेऊन होणारी विक्री तात्पुरती बंद केली. ज्या खात्यानं तो खुलासा टाकला, त्यामागे माझ्यासारखी कुणीतरी पगारी बाई किंवा बाप्या असणार. त्या माणसाची मला कीव येते.

पुण्याची हकीकत अधिक जिवाला लागणारी आहे. सप्टेंबर २०२० मध्ये युबिसॉफ्टनं प्रिन्स ऑफ पर्शिया: सँड्स ऑफ टाइमची नवी आवृत्ती जाहीर केली, आणि ती पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंत घडत होती. एवढा नावाजलेला गेम आपल्या मुलांच्या हातून घडतोय याचं कौतुक दोन दिवसही टिकलं नाही. झलक पाहून जगभरच्या चाहत्यांनी तिच्या चित्रांची टर उडवली. प्रकाशन आधी जानेवारी २०२१ चं होतं, ते मार्चवर गेलं, मग बेमुदत. मे २०२२ मध्ये काम मॉन्ट्रियलच्या स्टुडिओकडे सोपवलं गेलं आणि जानेवारी २०२६ मध्ये कंपनीनं गेमच रद्द केला. टीका रास्त होती की नव्हती, यावर मतं वेगळी असू शकतात. मला खटकतं ते दुसरंच. चाहत्यांना अपुरं काम दाखवून त्यांच्या उत्साहावर स्वार व्हायची घाई मुख्यालयाची, आणि टोमणे खायला पुढे उभे पुणे-मुंबईचे कारागीर.

पुण्याच्याच सुपरगेमिंगनं इंडस या गेमसाठी वेगळा रस्ता धरला. काम चालू असतानाच ते कुठवर आलं याची जाहीर माहिती द्यायची, लोकांना बोलावून अर्धवट गेम खेळायला द्यायचा, डिस्कॉर्डवर सूचना ऐकायच्या. नावनोंदणी एक कोटीच्या वर गेली आणि १६ ऑक्टोबर २०२४ रोजी गेम आला. नोंदणीतली नावं म्हणजे रोजचे खेळाडू नव्हेत, हे या धंद्यातला शिकाऊ उमेदवारही सांगेल. पण कच्चं काम उघड्यावर ठेवायला धैर्य लागतं, ते या मंडळींनी दाखवलं.

आणि आपल्या हैदराबादचा हिटविकेट. काश्यप रेड्डी आणि कीर्ती सिंग यांची कंपनी. यात चेंडू टोलवण्यापेक्षा संघ चालवण्याला महत्त्व: खेळाडू घडवा, निवडा, डावपेच आखा. मोबाइलवर यायच्या आधी तो ब्राउझरवर चालायचा, आणि त्याभोवती क्रिकेटवर तासन्‌तास वाद घालणारी मंडळी जमली होती. २०२० मध्ये केंद्र सरकारच्या आत्मनिर्भर भारत अॅप स्पर्धेत गेमच्या गटात तो पहिला आला. क्रिकेटवर वाद घालणारी माणसं या देशात जमवावी लागत नाहीत. त्यांना एकमेकांशी हुज्जत घालण्याची सोय दिली की पुरे, आणि ती या छोट्या कंपनीनं नेमकी दिली.

या सगळ्यांची जी कलाकुसर मी सांगितली, तीच उचलून दुसऱ्या एका धंद्यानं घरं बुडवली. टेलिग्रामवर चॅनेल, ‘आज कोण जिंकणार’ याचे अंदाज, रील करणाऱ्यांच्या तोंडून जाहिरात, पहिल्या जिंकण्याचे फोटो. सट्ट्याच्या अॅपचीही अशीच ‘कम्युनिटी’ असते आणि हरलेला माणूस तिथे फोटो टाकत नाही. तेलंगणनं पैशाच्या ऑनलाइन खेळांवर २०१७ मध्येच बंदी आणली होती. मार्च २०२५ मध्ये इथल्या पोलिसांनी अशा अॅपची जाहिरात करणाऱ्या नामवंतांवर गुन्हे नोंदवले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं देशभरासाठी कायदा केला: पैशाचे खेळ बंद, ई-स्पोर्ट्सला मान्यता. कायदा हवाच होता. पण त्यानं फक्त जुगार बाहेर काढला. जे खेळ उरले, त्यांत जमलेल्या मुलांना हक्क कोणते, यावर तो फारसं बोलत नाही.

हक्काची गोष्ट निघाली म्हणून थोडं मागे जाते. दोन हजारच्या दशकात सायबर कॅफेत काउंटर-स्ट्राइक खेळणारी मुलं आता चाळिशीत आहेत. आज इथेही दोघं-तिघं दिसतात. त्या गेमचा सर्व्हर कुणीही आपल्या संगणकावर चालवू शकत असे. नियम आपले, कुणाला घ्यायचं आणि कुणाला हाकलायचं ते आपण ठरवायचं. आज मैदान कंपनीचं, चॅट कंपनीची, खातं कंपनीचं. पानभर अटींना ‘मान्य’ म्हटल्याशिवाय आत पाऊल टाकता येत नाही आणि उद्या खातं बंद झालं तर दाद मागायला सभा नाही.

आणि सभेचं मोल हैदराबादच्या मराठी माणसाला कुणी सांगायला नको. निजामाचा गश्ती निशान त्रेपन्न हा हुकूम लागू होता त्या काळात साधी सभा भरवायला सरकारची परवानगी लागायची. तशा काळात इथे माणसं जमली ती शाळेच्या, ग्रंथालयाच्या, उत्सवाच्या निमित्तानं. विवेक वर्धिनी १९०७ ची, सुलतान बाजारातलं मराठी ग्रंथ संग्रहालय १९२२ चं. तेलुगू बांधवांचं श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम त्याहीआधीचं, १९०१ चं. या संस्था निमित्तानं सुरू झाल्या, पण सभासदानं वर्गणी भरली की त्याला मत मिळायचं, वार्षिक सभेत उभं राहून हिशेब विचारता यायचा, कार्यकारिणी पाडता यायची. आमच्या संस्थांच्या वार्षिक सभांत किती भांडणं होतात, याची चेष्टा मीही केली आहे. पण ते भांडण म्हणजेच मालकी. गेमच्या मेळ्यात कोट्यवधी माणसं आहेत आणि एकालाही हिशेबाचा कागद पाहता येत नाही. माझ्या लेखी तो मेळा मोठा आहे, जिवंत आहे, प्रेमळही आहे; पण तो अजून संस्था झालेला नाही, आणि कंपनी त्याला ती होऊ देणार नाही.

म्हणून माझी विनंती कंपन्यांना नाही, इथे बसलेल्यांना आहे. आपल्या मराठी संस्थांची सभागृहं आठवड्यातले कितीतरी दिवस संध्याकाळी रिकामी असतात. चिक्कडपल्लीच्या नगर केंद्रीय ग्रंथालयात परीक्षेच्या अभ्यासाला मुलांना खुर्ची मिळत नाही आणि आपल्याकडे खुर्च्यांवर धूळ बसते. त्यातली एक खोली खेळणाऱ्या मुलांना द्या. चार संगणक, चांगलं इंटरनेट, एक मोठा पडदा, एवढं भांडवल पुरे. स्पर्धा त्यांना भरवू द्या, नियम त्यांना लिहू द्या. मुलींसाठी वेगळी वेळ हवी की नको, ते मुलींना ठरवू द्या. मात्र एक अट घाला: सभासद फी भरायची, वही ठेवायची, दरवर्षी कार्यकारिणी निवडायची आणि जमाखर्च वाचून दाखवायचा. गेम बदलतील, कंपन्या येतील-जातील, त्या क्लबचं सभासदत्व कुणी दूर बसून पुसू शकणार नाही. आज व्याख्यानाला आलेल्या तीन-चार संस्थांचे पदाधिकारी समोर दिसताहेत. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत हा विषय घाला, मी स्वतः येऊन त्यावर बोलेन आणि पहिल्या वर्षाची वही लिहिण्याचं कामही मी करीन.